तट्टू विकणे आहे

सारंगखेड्याच्या यात्रेत एका दुपारी मी ज्या जनावरांसमोर उभा होतो, त्यांच्यासमोर दुसरे कोणीही उभे नव्हते. तापीकाठच्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार भरतो आणि सगळी गर्दी मारवाडी, काठियावाडी घोड्यांकडे व पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यांकडे लोटते. त्यांचे मोल लाखांत सांगितले जाते आणि ज्यांना काहीच घ्यायचे नसते, तेही त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. बाजाराच्या कडेला मात्र बाभळीच्या विरळ सावलीत चार तट्टे बांधलेली होती आणि त्यांतल्या एकाच्या गळ्यात पुठ्ठा अडकवलेला होता: ‘तट्टू विकणे आहे.’

‘विकणे आहे’ ही रचना मला फार आवडते, कारण तिच्यात विकणारा कुठेच नसतो. जणू ते विकणे आपोआपच तिथे येऊन उभे राहिले आहे. खांद्यापाशी ५८ इंचांच्या आत भरते ते तट्टू, असा जाणकारांचा हिशेब आहे. आपल्या भाषेने मात्र इंचपट्टी न लावताच त्याला भाड्याचे करून टाकले.

लहानपणी फलटणजवळच्या आमच्या रानात मृगाच्या आधी, कोकणातून परतणाऱ्या धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, दोन रात्री बसत असे. शेताला लेंडीखत मिळे, म्हणून आबा खूश असत. माझा डोळा तट्टांवर असे. घोंगड्या, मेंढरे कोंडायची जाळी म्हणजे वाघर, पातेली आणि पाटीतल्या कोंबड्या असा सगळा संसार एका तट्टाच्या पाठीवर चढलेला असे, आणि त्या ढिगाच्या वर बांधलेले, नुकतेच जन्मलेले एखादे कोकरू प्रत्येक पावलागणिक मान डोलवत जगाकडे पाहत असे. ओझे उतरवले की त्या पाठीवर घासल्याच्या जागी हळदीचा पिवळा लेप दिसे.

‘आबा, आपण एक घेऊ या.’

‘घेऊ की. बांधणार कुठं आणि घालणार काय?’

चौथीच्या पुस्तकात मी नुकतेच वाचले होते की ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला सरकारी घोडा मिळतो तो बारगीर. भीमेकाठच्या, भीमथडी नावाच्या याच बुटक्या, काटक जातीवर मराठी फौजा दौडत होत्या, हे पुष्कळ नंतर समजले. आता तर जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. तेव्हा मला एवढेच कळले होते की आबांच्या कारभारात मी बारगीरसुद्धा होणार नाही.

तेव्हापासून तट्टू दिसले की त्याची किंमत विचारण्याची खोड मला जडली आहे. माथेरानला, जिथे मोटारींना बंदी असल्याने लोक घोड्यावरून फिरतात, एका घोडेवाल्याने मला ‘साहेब, फेरीचा भाव विचारा’ असे सुनावले होते.

सारंगखेड्याच्या म्हाताऱ्याने तसे काही केले नाही. मी किंमत विचारताच त्याने, भाव इतरांना कळू नये म्हणून, खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी तीन बोटे एकदम, मग एक बोट निराळे असे घट्ट दाबले. त्याचा तळवा कासऱ्यासारखा खरखरीत होता. मी जनावरांच्या मुरलेल्या दलालासारखी, हेड्यासारखी मान हलवली. त्याने तट्टाचा ओठ वर करून दात दाखवले. तेही मी न येणाऱ्या लिपीतला मजकूर पाहावा तसे लक्षपूर्वक पाहिले.

‘बांधणार कुठं?’ त्याने विचारले.

‘पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर,’ असे माझ्या तोंडून खरेच निघून गेले.

तो हसला नाही. त्याने टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर घेतला आणि तट्टापुढे कडब्याची पेंढी सरकवली. ती तीन बोटे हजारांची होती की दहा हजारांची, हे विचारायचे राहून गेले.