पद्मिनीच्या मीटरमधले धुके

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या मीटरची काच पावसाळ्यात धुरकट झाली की आपण मुंबईच्या हवेला बोल लावून मोकळे होतो. पण धुके दोन प्रकारचे असते आणि मीटर उघडण्यापूर्वी ते ओळखलेले बरे. सकाळी दिसणारे व गाडी थोडी चालल्यावर विरणारे धुके म्हणजे आत कोंडलेली दमट हवा. भर उन्हाळ्यातही न जाणारी, मागच्या बल्बच्या उजेडात दुधी दिसणारी साय मात्र पाण्याची नसते. आतला रंग, रबर आणि प्लास्टिक यांतून वर्षानुवर्षे सुटणारी तेलकट वाफ काचेवर बसून ती तयार होते, आणि ती कितीही वाळवली तरी पुसल्याशिवाय जात नाही.

माझ्या प्रीमियर पद्मिनीत दोन्ही होती. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, मागच्या वायरींचा फोटो काढून आणि स्पीडोमीटरची केबल मोकळी करून मीटर बाहेर घेतला, तेव्हा काचेखालचे रबर बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला. रात्री मीटर थंड झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा अशाच फटींतून आत ओढली जाते.

काच साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक असेल तर अल्कोहोल टाळावे, कारण त्याने बारीक तडे जातात. डायलवरच्या छापील आकड्यांना मी ओला बोळा लावलाच नाही. काट्यालाही हात लावू नये. स्पीडोमीटरमध्ये फिरणाऱ्या चुंबकामुळे अ‍ॅल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला आवरून धरते, ती किंचित वाकली तरी वेग चुकीचा दिसतो. उघडा मीटर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवला.

नवे रबर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या पातळ शीटमधून कापले. सगळीकडे फटी बुजवणारे सिलिकॉन सीलंट फासून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला पटत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला गंज चढवते, आणि श्वासासाठी ठेवलेली मागची भोके बुजली तर आत शिरलेला ओलावा आतच राहतो.

खरे पाणी मात्र विंडस्क्रीनच्या कडक झालेल्या रबरातून झिरपून पायाखालच्या गालिच्यात मुरत होते. बंद गाडीत तोच गालिचा दिवसभर वाफ सोडत असे, म्हणून गालिचा काढून वाळवला असून पुढचे काम त्या रबराचे आहे.