तुम्ही विचारलंत म्हणून : त्रैक्य शास्त्रात आहे का?

‘त्रैक्य शास्त्रात कुठं लिहिलंय ते एकदा दाखवा ना, बाई.’

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव आहेत, या आमच्या ख्रिस्ती श्रद्धेला त्रैक्य म्हणतात. चाळीस वर्षं हे वाक्य ऐकते आहे. शाळेत डबा खाताना एका सहकारी सरांनी विचारलं. ते मुसलमान होते, आणि माझं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांनी माझ्यापेक्षा बारकाईने वाचलेलं होतं. दारावर मासिकं घेऊन येणाऱ्या दोघीजणींनी विचारलं. शेजारच्या काकूंनी विचारलं नाही, सांगूनच टाकलं, ‘आमच्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच की हे.’ आणि गेल्या महिन्यात माझ्या भाचीने फोनवर विचारलं. तिचा आवाज रडवेला होता, म्हणून हे लिहायला बसले.

सरळ उत्तर आधी देते. ‘त्रैक्य’ हा शब्द शास्त्रात नाही. ‘एक देव, तीन व्यक्ती, एकच तत्त्व’ हे वाक्य उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंत कुठेही सापडणार नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबावं. पण मग ‘बाईंनी कबूल केलं’ असं सांगत फिरू नका. मी आजही पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानेच प्रार्थना करते, आणि ती सवयीने करत नाही.

या प्रश्नावर मी चिडते, असं तुम्ही म्हणता. चिडते. त्याचं कारण १९८६ सालातलं आहे.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि नगरला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दृढीकरणाचा वर्ग घेत होते. बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाली की बिशपांपुढे आपली श्रद्धा स्वतः कबूल करतात, त्याची ती तयारी. अकरा मुलं होती. उपासना संपली की मंदिराच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकून बसायचो. त्या रविवारी धडा त्रैक्याचा होता. मी वडिलांचं जुनं इंग्रजी बायबल घेऊन गेले होते, किंग जेम्सचं, १६११ सालचं भाषांतर. त्यात योहानाच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनात स्वच्छ लिहिलेलं होतं, की स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. याहून उघड काय हवं? ते वचन मी फळ्यावर मराठीत लिहिलं आणि म्हटलं, ‘कुणी विचारलं, की हे दाखवायचं. विषय संपला.’

मागे बसलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘बाई, माझ्यात असं नाहीये.’

‘नीट बघ.’

‘बघितलं. साक्ष देणारे तीन आहेत, पण आत्मा, पाणी आणि रक्त. स्वर्गातलं काहीच नाही.’

मी म्हटलं, ‘तुझ्या प्रतीत छपाईची चूक असेल.’ तर पुढच्या रांगेतली मुलगी हळूच म्हणाली, ‘बाई, माझ्यातही तसंच आहे.’ मग सगळ्यांनी पानं उलटली. अकराच्या अकरा प्रती सारख्या होत्या. घरी माझ्या टेबलावरची मराठी प्रतही तशीच असणार. ती मी वर्षानुवर्षं वाचत होते आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मुलगा उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. त्याने विचारलं, ‘मग बाई, हे इंग्रजीत कुणी घातलं?’

मी त्याला म्हटलं, ‘शास्त्र उघडून प्रश्न सैतानानेही विचारले होते. बाहेर जाऊन बस.’

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मुलं हसली नाहीत. तो उठला, चपला घालून व्हरांड्यात जाऊन बसला, आणि मी फळ्यावरचं वचन उरलेल्या दहा जणांकडून पाठ करून घेतलं.

पाळकसाहेबांना मी सांगितलं की हा मुलगा अजून तयार नाही, वर्षभर थांबू दे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढच्याच आठवड्यात मी एका जाड इंग्रजी टीकाग्रंथात ते पान काढलं, तेव्हा कळलं की चूक माझीच होती. दृढीकरणाला अजून तीन आठवडे होते. पाळकसाहेबांकडे जाऊन शब्द मागे घ्यायला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही. बिशपसाहेब आले, दहा मुलं पांढऱ्या कपड्यांत वेदीपुढे गुडघे टेकून बसली, आणि तो मुलगा मागच्या बाकावर आईशेजारी बसून होता. त्यालाही पांढरा शर्ट घातलेला होता. आईने तो आधीच शिवून घेतला असणार. दुसऱ्या वर्षी तो वर्गाला आला नाही.

मी नवीन होते, मला कुणी हे शिकवलं नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण पहिल्या रविवारपुरतं. पुढचे तीन आठवडे मला माहीत होतं.

टीकाग्रंथात काय होतं ते सांगते, कारण बहुतेकांना अर्धंच ठाऊक असतं. ते वाक्य कोणत्याही प्राचीन ग्रीक हस्तलिखितात नाही. ते लॅटिन परंपरेतून आलं. इरॅस्मस या डच विद्वानाने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्यात ते नव्हतं, १५१९ च्या आवृत्तीतही नव्हतं. त्याच्यावर टीकेची झोड उठली. मग ते वाक्य असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं. ते त्याच सुमाराचं, ताजं लिहिलेलं होतं, आणि आज डब्लिनला आहे. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते वाक्य घातलं, आणि तिथून ते किंग जेम्समध्ये, माझ्या वडिलांच्या कपाटात आणि माझ्या फळ्यावर आलं. चौथ्या शतकात त्रैक्यावर इतके वाद झाले, पण त्रैक्याची बाजू मांडणाऱ्या ग्रीक धर्मपित्यांपैकी, म्हणजे सुरुवातीच्या मंडळीतल्या आचार्यांपैकी, कुणीही हे वचन पुढे केलं नाही. हाताशी असतं तर त्यांनी ते सोडलं असतं का?

इथे तुमच्यातले काही म्हणतात, मग झालं तर, निकाल लागला. मीही दोन-तीन वर्षं तसंच मानत होते. उपासनेत मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणताना ओठ मिटून उभी राहत होते. त्या वेळच्या माझ्याशी मला आज भांडायचं आहे. एक खोटा साक्षीदार पकडला गेला म्हणून सगळा खटला खोटा ठरत नाही. मी तेव्हा त्या एका वचनावर रागावले होते आणि बाकीचं वाचलंच नव्हतं.

बाकीचं काय आहे? जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाचा ४५वा अध्याय वाचा. ‘माझ्याशिवाय दुसरा देव नाही’ हे परमेश्वर तिथे पुन्हापुन्हा सांगतो आणि शपथ घेऊन म्हणतो, की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. आता फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. तोच गुडघा तिथे येशूच्या नावाने टेकतो. हे लिहिणारा पौल परुशी, म्हणजे शास्त्र कसोशीने पाळणाऱ्या यहूदी पंथातला होता, त्याला यशयातली ती ओळ कुठली आहे ते नक्की माहीत होतं. करिंथकरांस पहिल्या पत्रात (८:६) तो इस्राएलाची रोजची कबुली घेतो, ‘परमेश्वर आपला देव एकच परमेश्वर आहे’ ही, जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातली, आणि तिच्यातले ‘देव’ आणि ‘प्रभू’ (ग्रीकमध्ये ‘परमेश्वर’च्या जागी हाच शब्द येतो) हे दोन शब्द उलगडतो. देव एकच, म्हणजे पिता, आणि प्रभू एकच, म्हणजे येशू ख्रिस्त. एकपण मोडत नाही, पण त्या एकपणात आता आणखी कुणीतरी आहे. त्याच पत्राच्या शेवटी ‘मारानाथा’ हा अरामी शब्द जसाच्या तसा ठेवलेला आहे, ‘आमच्या प्रभू, ये’. ग्रीक बोलणाऱ्या करिंथकरांना अरामी प्रार्थना कुठून मिळाली? जिथे अरामी बोलत होते त्या पहिल्या यहूदी शिष्यांकडूनच. ही पत्रं येशूच्या मरणानंतर साधारण वीस ते तीस वर्षांतली आहेत. म्हणून ‘हे सगळं नायसियात कॉन्स्टंटाइनने ठरवलं’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. नायसियाची परिषद, म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेली बिशपांची सभा, ३२५ सालची. आणि त्या सम्राटाने मरताना बाप्तिस्मा घेतला तो, पुत्र निर्माण केलेला आहे असं म्हणणाऱ्या आणि नायसियाने चूक ठरवलेल्या एरियसच्या बाजूच्या युसेबियसकडून, तर नायसियाचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. सत्तेच्या जोरावर एका दिवसात उरकलेलं काम असं दिसत नसतं.

पण उलट बाजूही मी लपवणार नाही, एकदा लपवलं तेवढं पुरे. मार्क १३:३२ मध्ये येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. योहान १४:२८ मध्ये म्हणतो की पिता माझ्यापेक्षा थोर आहे. यांवर ‘ते मानवी स्वभावाने बोलले’ हे ठरीव उत्तर मीही दिलेलं आहे. ते उत्तर चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ते त्या वचनातून निघालेलं नाही, आपण ते बाहेरून आणून वचनावर ठेवतो, आणि हे विचारणाऱ्याला दिसतं. पवित्र आत्म्याबद्दल तर शास्त्र फार संकोचाने बोलतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आत्म्याशी खोटं बोलणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं असं येतं, याहून स्पष्ट वचन मला आठवत नाही. नायसियाचा मतांगीकारही ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढंच म्हणून थांबला होता. पुढची वाक्यं ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतरची मानतात. त्याच सुमारास नाझियान्झसचा ग्रेगरी हा बिशप सांगतो, की आपल्यातल्या शहाण्यांपैकी कुणी आत्म्याला शक्ती मानतात, कुणी निर्मिती, कुणी देव, आणि काहींचं अजून ठरलेलं नाही. साडेतीनशे वर्षांनंतरही मंडळीत ठरलेलं नव्हतं, आणि मी पंधरा वर्षांच्या मुलाला एका सकाळी ठरवायला लावत होते.

पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरणही मी त्याच वर्गात दिलं होतं. एकच पाणी, तीन रूपं. ते आता कुणी देऊ नका. येशू बाप्तिस्म्यासाठी यार्देन नदीत उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि आकाशातून वाणी येते आहे. तिथे एकच जण पाळीपाळीने तीन रूपं घेत नाही. असं मानणाऱ्या सबेलियसला मंडळीने तिसऱ्या शतकातच चूक ठरवलं होतं. काकूंनाही माझं हेच सांगणं आहे, की तुलना प्रेमाने केलीत, पण ती बसत नाही. ‘तीन व्यक्ती’ या मराठी शब्दांचाही घोटाळा होतो. मराठीत तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं. ग्रीक शब्दाचा तो अर्थ नव्हता. मला याला चांगला मराठी शब्द अजून सापडलेला नाही.

आपल्या मंडळ्यांत पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय महिलांची सभा होत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावरही त्यांना त्रैक्य पटत नव्हतं, हे मात्र त्या सभांत कुणी सांगत नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी याच विषयावर पत्रांतून वाद घातला. जेराल्डिनना त्यात अहंकार दिसला. रमाबाईंनी कळवलं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. हे १८८५ सालचं पत्र, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्याच वयाची मी एका मुलाला व्हरांड्यात बसवत होते. पुढे ग्रीक आणि हिब्रू शिकून सगळ्या शास्त्राचं मराठी भाषांतर केलं ते याच बाईंनी. त्यांना कुणी वर्षभर थांबायला सांगितलं असतं तर?

त्या मुलाचं कुटुंब पुढे पिंपरीला गेलं. २०११ साली तिथल्याच एका लग्नात त्याची आई मला भेटली. तब्येतीची चौकशी झाली, नातवंडांची झाली. मुलगा चर्चला येत नाही, पण शास्त्र वाचतो, असं त्यांनी सांगितलं. मग ताट हातात धरूनच त्यांनी विचारलं, ‘त्याच्या पुस्तकात तसंच होतं ना हो बाई? तो घरी येऊन खोटं बोलला नव्हता ना?’

मी म्हटलं, ‘नाही. त्याचं बरोबर होतं. मला पुढच्याच आठवड्यात कळलं होतं.’

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला पाणी आणून दिलं.

तेव्हा भाचीला, आणि तुम्हा सगळ्यांना. त्रैक्य शास्त्रात लिहिलेलं आहे असं मी म्हणणार नाही. शास्त्र वाचून मला दुसरीकडे कुठे जाता आलं नाही, एवढं म्हणेन. तुम्हाला जाता आलं, तर तुम्ही सैतानाचे नाही. नाताळात तू येशील तेव्हा तुझी मराठी प्रत घेऊन ये, माझीही काढून ठेवते. आधी मार्क १३:३२ वाचू.