चुकामूक

हरवायला एक माणूस पुरतो, चुकामुकीला दोन लागतात. शिवाय त्या दोघांनी आधी नीट ठरवलेलं असावं लागतं. काही न ठरवता निघालेल्यांची चुकामूक होत नाही, त्यांची फक्त भेट होत नाही.

आमची पहिली चुकामूक १९९४ साली दादरला झाली. लग्नाला तीन महिने झाले होते. ही परळहून येणार, मी ठाण्याहून, आणि भेटायचं 'सहा वाजता पुलावर'. दादरला पूल किती आहेत, हा प्रश्न नव्या नवराबायकोला पडत नाही. ही एका पुलावर उभी, मी दुसऱ्या. तासाभरानं मी शोधायला निघालो आणि हिच्या पुलावर गेलो, तेव्हा ही मला शोधायला माझ्या पुलावर गेली होती. दोन तासांनी आम्ही घरीच भेटलो. त्यानंतर आठवडाभर बोललो नाही, म्हणजे चुकामूक एका अर्थी पुढे चालूच राहिली.

त्या आठवड्याच्या शेवटी हिनं नियम केला: जो आधी पोचेल त्यानं जागचं हलायचं नाही, जो मागून येईल त्यानं शोधायचं. नियम ऐकायला चोख आहे. फक्त आपण आधी पोचलो की मागून, हे समोरचं माणूस दिसल्याशिवाय कळायचं कसं, याचं उत्तर त्यात नाही. मी ते आजवर विचारलेलं नाही. संसारात काही प्रश्न विचारायचे नसतात, एवढं मला आठवडाभरात कळलं होतं.

मग मोबाइल आले आणि नियम माळ्यावर गेला. गेल्या जूनमध्ये तो पुन्हा खाली काढावा लागला. लेक जर्मनीत हॅनोव्हरला नोकरी करते, तिच्याकडे आम्ही तीन आठवडे गेलो. तिनं माझ्या फोनला तिथलं सिम घालून दिलं. हिच्या फोनसाठी दुसरं घेऊ का, असं तिनं विचारलंही होतं. 'कशाला? दोघं बरोबरच तर असणार!' हे वाक्य माझं. पुढे ते मला बऱ्याचदा ऐकवण्यात आलं.

हॅनोव्हरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी लेकीचा निरोप आला, 'पाच वाजता शेपटीखाली भेटा.' स्टेशनासमोर एर्न्स्ट ऑगस्ट राजाचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८६१ सालचा. राजाचं तोंड शहराकडे, त्यामुळे स्टेशनातून बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला घोड्याची मागची बाजू येते. सगळं गाव तिथंच भेटतं आणि तिथल्या भाषेत शब्दशः 'शेपटीखाली' असंच म्हणतं. आपल्याकडे एखाद्या महाराजांच्या पुतळ्याबद्दल असं कुणी म्हणालं तर संध्याकाळपर्यंत मोर्चा निघेल. पाच वाजता तिथं तीसेक माणसं उभी होती आणि प्रत्येकजण मान उंच करून दुसऱ्या कुणाला तरी शोधत होता. मला एकदम चर्चगेटच्या इंडिकेटरखाली आल्यासारखं वाटलं. तेच घड्याळात बघणं, तेच 'आलीच असेल' असं स्वतःला सांगणं.

जर्मन लोक तर याच्याही पुढे आहेत. त्यांच्या मोठ्या स्टेशनांत भेटण्याच्या जागेची चक्क सरकारी छापाची पाटी असते: मध्ये एक ठिपका, चार बाजूंनी त्याच्याकडे येणारे चार बाण. मला ती फार आवडली. ही म्हणाली, 'चार बाण चार बाजूंनी आले हे ठीक, पण ठिपका कोण?' हिचे प्रश्न असेच असतात.

तिथून आम्ही दोघंच बर्लिन, ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना असे निघालो. बर्लिन आणि ड्रेस्डेनबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण तिथं आम्ही दिवसभर बरोबर होतो, त्यामुळे ते इथं कामाचं नाही.

प्रागला वेन्सेस्लास चौक आहे. चौक म्हणायचा, पण आहे लक्ष्मी रोडसारखा लांबलचक, फक्त रुंद. वरच्या टोकाला संत वेन्सेस्लास घोड्यावर बसलेला, आणि गंमत म्हणजे प्रागची माणसंही 'शेपटीखाली भेटू' असंच म्हणतात. दोन देश, दोन भाषा, दोन घोडेस्वार आणि एकच शेपटी. लेकीनं हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मला युरोचे क्राउन करून घ्यायचे होते, हिला दुकानं बघायची होती. ठरलं, 'अर्ध्या तासानं घोड्यापाशी.'

अर्ध्या तासानं मी घोड्यापाशी होतो. ही नव्हती. मी नियमाप्रमाणे हललो नाही. पन्नास मिनिटं झाल्यावर मात्र नियम मोडला आणि एकेक गल्ली बघत निघालो. चौकाला लागूनच लुत्सेर्ना नावाची जुनी इमारत आहे, तिच्या आतून वाट जाते. तिथं वर बघितलं आणि थबकलो. छतापासून एक घोडा उलटा टांगलेला. चारही पाय वर बांधलेले, मान खाली लोंबलेली, जीभ बाहेर, आणि त्याच्या पोटावर तोच संत वेन्सेस्लास ऐटीत बसलेला. डेव्हिड चेर्नी या शिल्पकारानं १९९९ मध्ये चौकातल्या पुतळ्याची केलेली ही टिंगल. आणि तिच्या बरोबर खाली, हातात चॉकलेटची पिशवी घेऊन, आमची ही.

'तासभर उभी आहे मी.'

'अगं, घोडा तो बाहेरचा!'

'बाहेरच्या घोड्याला एवढा मोठा चौथरा आहे. त्याच्या शेपटीखाली उभं राहता तरी येतं का? इथं बघा.' तिनं वर बोट केलं. शेपटी खरोखरच डोक्यावर लोंबत होती.

वकिलांना जमणार नाही असा हा मुद्दा होता. मी क्राउन मोजले आणि कॉफी पाजली.

व्हिएन्नाला शुक्रवारी पोचलो. सहसा जूनच्या उत्तरार्धातला शनिवार-रविवार धरून तिथं डॅन्यूब बेटावर तीन दिवस गाणंबजावणं चालतं. १९८४ पासून चालू आहे आणि तिकीट अजिबात नाही. तीन दिवसांच्या मिळून तीसेक लाख भेटी मोजल्या जातात, असं आयोजक सांगतात. या वयात आम्ही असल्या गर्दीत कशाला, असं मी म्हणणार होतो, पण 'तिकीट नाही' हे ऐकल्यावर माझ्यातला ठाणेकर काही बोलला नाही.

आम्ही सवाईचे जुने भक्त. दर डिसेंबरात पुण्याला साडूंकडे मुक्काम, बैठकीची चटई, पाठीला उशी, खिशात आवळासुपारी. तिथं आपण एका जागी बसतो आणि गाणारे बदलत जातात. या बेटावर उलटं. साडेचार किलोमीटरच्या पट्ट्यात ठिकठिकाणी मंच, एकावर रॉक, दुसऱ्यावर नुसताच ठोका, तिसऱ्यावर आपल्या भावगीतांसारखी गोड गाणी, आणि ऐकणारेच एका मंचावरून दुसऱ्याकडे चालत असतात. पहिल्या दहा मिनिटांत हिनं निकाल दिला, 'याला मैफल नाही म्हणायचं, ही जत्रा.' मग तिची कळी खुलली, कारण जत्रा तिला मैफलीपेक्षा जास्त आवडते. हे तिनं सवाईत कधी कबूल केलेलं नाही.

हे बेटही माणसांनीच घडवलेलं. डॅन्यूबला पूर यायचा म्हणून १९७२ पासून तिच्या शेजारी दुसरा प्रवाह खणायला घेतला, आणि निघालेली माती मध्ये टाकून बेट केलं. लांबी २१ किलोमीटर, रुंदी मात्र जास्तीत जास्त दोनशे-अडीचशे मीटर. मी मनात हिशेब केला: दोन्ही बाजूंना पाणी, म्हणजे माणूस एक तर वर जाईल नाहीतर खाली. इथं चुकामूक होणं शक्यच नाही.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला हिला स्वच्छतागृहाला जायचं होतं. रांग ही एवढी. मी म्हटलं, 'तू जा, मी काहीतरी प्यायला आणतो. भेटायचं कुठं?' आमच्या समोर पोराटोरांचा एक घोळका होता. त्यातल्या एकानं लांब काठीला हवा भरलेली हिरवी रबरी मगर बांधली होती आणि ती सगळ्या डोक्यांच्या वर डुलत होती. लांबून दिसेल अशी दुसरी खूणच नव्हती.

'मगरीखाली,' मी म्हणालो. हॅनोव्हर-प्रागचा अनुभव पाठीशी होता.

आल्मडुडलर नावाचं त्यांचं एक सरबत असतं, वनस्पतींचा अर्क घातलेलं, थोडं आपल्या जिंजरसारखं. त्याचे दोन ग्लास घेतले. ग्लासांची अनामत वेगळी घेतात, परत केले की पैसे परत. दोन्ही हातांत भरलेले ग्लास सांभाळत, शंभर लोकांना 'सॉरी' म्हणत मी मगरीपाशी आलो. मगर नव्हती. घोळकाही नव्हता. पायाखालचं दबलेलं गवत तेवढं होतं.

खूण आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी एका बेटावर कळलं. घोड्यांना चौथरे का करतात, हेही कळलं.

मी उभा राहिलो. जागा तीच होती याबद्दल शंका नव्हती, कारण शेजारी घडीच्या खुर्च्यांवर बसलेलं म्हातारं जोडपं तेच होतं. अर्धा तास गेला. मंचावरचा गायक लोकांना काहीतरी विचारत होता आणि हजारो माणसं एका सुरात त्याला उत्तर देत होती. मला राहून राहून आपला माइक आठवत होता. वारीत, जत्रेत सारखं चालू असतं ना, 'अमुक गावच्या अमुक बाई जिथे असतील तिथून त्यांनी ध्वनिक्षेपकाजवळ यावे, त्यांचे यजमान वाट पाहत आहेत.' इथं एवढा मोठा माइक आणि त्याचा उपयोग फक्त गाण्यासाठी!

शेजारच्या आजोबांनी भुवया उंचावून खुणेनंच विचारलं. मी दोन्ही ग्लास वर करून दाखवले. त्यांनी सावकाश मान डोलावली आणि आजींना कोपरानं ढोसलं. पुढे आजींनीही मान डोलावली.

नऊला सूर्य बुडाला. तिकडे जूनमध्ये तो असाच रेंगाळतो. दिवे लागले, गर्दी दाट झाली. मी एकदा दहा पावलं पुढे गेलो आणि घाबरून तीच दहा पावलं मागे आलो.

मग पुलाच्या बाजूनं, डोक्यांच्या वरून, मगर आली.

आधी तिचं नाक दिसलं, मग दिव्यात चमकणारी हिरवी पाठ. मागून तो घोळका, एकमेकांच्या हातात हात अडकवून डावीउजवीकडे झुलत येणारा. आणि काठी हिच्या हातात होती. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, तिरकी अडकवलेली पर्स, गालावर कुणीतरी रंगवलेली चांदणी, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलेली काठी, पालखीपुढची पताका धरावी तशी. ही झुलत होती. साडूंच्या मुलाच्या वरातीत दोन पोरींनी ओढलं तरी हलली नव्हती ती.

मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. दोनेक मिनिटं नुसताच बघत उभा राहिलो, ओळखीच्या नसलेल्या बाईकडे बघावं तसा.

तिचं लक्ष गेलं. 'अहो! होता कुठं?'

'इथंच. मगरीखाली ठरलं होतं ना.'

'मगरीखाली मी होते,' ती म्हणाली. 'मगर निघाली, मग मी पण निघाले. तुम्ही याल म्हणून थांबले असते, तर खूण गेली नसती का? शेवटी म्हटलं, काठीच द्या माझ्याकडे.'

मागच्या पोरांनी मला बघून जोरात आरोळी ठोकली. माझी ख्याती तासाभरात बेटभर झालेली दिसत होती. घडीच्या खुर्चीवरच्या आजी टाळ्या वाजवत होत्या. मी ग्लास पुढे केला. हिनं एका हातानं तो घेतला, घोट घेतला.

'कोमट झालंय,' ती म्हणाली. काठी दुसऱ्या हातात तशीच होती.