फ्लोरेसची ‘एबू गोगो’ आणि साठ शब्दांची पाटी

संग्रहालयातील पाटी आम्ही साठ शब्दांत बसवतो, कारण त्याहून लांब मजकूर कोणी उभ्याने वाचत नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरच्या बुटक्या मानवाच्या कवटीची प्रतिकृती आमच्याकडे आहे आणि तिच्याखालची पाटी माझी. बेटाच्या मध्यभागातील नागे लोक ‘एबू गोगो’ची गोष्ट सांगतात. एबू म्हणजे आजी किंवा पूर्वज, गोगो म्हणजे मिळेल ते खाणारा. ही मीटरभर उंचीची केसाळ माणसे गुहेत राहत, पीक चोरत आणि ऐकलेले शब्द पोपटासारखे परत म्हणत. २००३ मध्ये लिआंग बुआ गुहेत जवळपास तेवढ्याच उंचीच्या स्त्रीचा सांगाडा मिळाला, त्याचे वय १८,००० वर्षे ठरले आणि मी पाटीचा शेवट केला : ‘गोष्टीतली माणसे खरी निघाली.’

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त भूवैज्ञानिकांनी पाटी दोनदा वाचली आणि विचारले, “ताई, वय ज्या कोळशावरून काढले, तो कोणत्या थरातला होता?”

मला सांगता आले नाही. त्या रात्री मी गुहेच्या थरांचा छेद स्वतः काढून पाहिला. हाडांचा जुना गाळ धुपून उतार तयार झाला होता, त्यावर पुष्कळ नंतरचा गाळ साचला आणि कोळसा या नव्या गाळातला निघाला. २०१६ मध्ये संशोधकांनी ही चूक स्वतःच दुरुस्त केली : हाडे सुमारे १,००,००० ते ६०,००० वर्षांपूर्वीची आहेत. इतका काळ एखादी आठवण तोंडी टिकेल, असे मला वाटत नाही. शिवाय गुहा पश्चिमेकडील मांगराई लोकांच्या मुलखात आहे, नाग्यांच्या नव्हे. हे तर मला आधीच दिसायला हवे होते.

पाटी बदलायला कार्यालयाने चार महिने लावले, कारण लोक त्याच ओळीचा फोटो काढतात. लोकांना आवडते म्हणून चुकीचे वाक्य भिंतीवर ठेवणे मला अक्षम्य वाटते.

मात्र खरी सल वेगळीच आहे. नाग्यांच्या गोष्टीत गावकरी एबू गोगोंना कपड्यांसाठी म्हणून ताडवर्गीय झाडाचे तंतू देतात आणि ते गुहेत नेल्यावर त्यांना आग लावतात. हाडांशी जुळणारी उंची तेवढी मी उचलली आणि सांगणाऱ्यांनी शेवटी जपून ठेवलेली ही आग गाळली. शेजाऱ्यांना संपवल्याची अशी कबुली लोक पिढ्यान्‌पिढ्या का सांगत राहतात, हे हाडांवरून कळणार नाही. नव्या पाटीत आगीसाठी मी वीस शब्द जास्त मागितले आहेत. ते अजून मंजूर झालेले नाहीत.