दूध आणायला गेलो होतो

सकाळी माझ्या बुटक्या पोलोत बसताना आईने दाराला धरून "आई गं" म्हटलं आणि विषय तिथेच संपला. गाडी बदलायची.

माझी पोलो जीटी टीएसआय, आपल्या चाकणची. 2022 मध्ये पोलो इथे बंदच झाली, म्हणजे तीच नवी घेऊ म्हणायचीही सोय नाही. दुपारी मारुतीची उंच ब्रेझा ऑटोमॅटिक चालवून बघितली. कागदावर ताकद जवळपास सारखीच, 105 आणि 103 पीएस. पण पोलोचा टर्बो 1500 आरपीएमलाच, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाच, 175 एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) हातात ठेवतो. ब्रेझाला 137 साठी 4400 पर्यंत पळवावं लागतं. कात्रजच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला, तर ती जणू म्हणाली, "थांबा हो, चहा घेऊन निघते."

सेल्समन मायलेज सांगत होता. माझं लक्ष आरशात. मागे आई चक्क मांडी घालून, शेंगदाण्याची पुडी उघडून बसलेली! (इंजिनाबद्दल तिचं मत: "आवाज येत नाही, बरंय.")

बुकिंग करून आलो. बायको म्हणाली, "शहाणा झालास."

रात्री दूध आणतो म्हणून पोलोची किल्ली उचलली. डेअरी कोपऱ्यावरच आहे. मी चांदणी चौकाला वळसा घालून आलो.

दूध राहिलंच.