तीन सेकंद

मंगळवार, रात्र

आजच्या सरावानंतर डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे, तीन सेकंदांची. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या स्पर्धेत नुसती जागा मिळवून गुण मिळत नाहीत, ती तीन सेकंद टिकवावी लागते. पट काढून समोरच्याला खाली आणलं की २, गार्ड, म्हणजे खालच्याने पायांनी धरलेली आडकाठी, पार केला की ३, पोटावर गुडघा रोवला की २, माउंटचे, म्हणजे अंगावर स्वार होऊन बसण्याचे, ४, पाठीमागून कब्जा घेतला की ४. तीन सेकंद भरायच्या आत पकड सुटली तर हातात एक ॲडव्हांटेज उरतो, आणि त्याला किंमत येते ती गुण बरोबरीत सुटले तरच.

पण आपला बहुतेक सराव असतो पोहोचण्याचा. गार्ड पार करायचे दहा प्रकार घोटून होतात. पार केल्यावर काय करायचं, हे नशिबावर सोडलेलं असतं. मग होतं असं, की पाय ओलांडले, आनंदाने दोन्ही हातांनी मान आवळली, कंबर वर राहिली. खालच्याला एवढी फट पुरते. तो कुशीवर वळतो, कोपर आणि गुडघा एकमेकांजवळ आणतो, गुडघा मध्ये घुसवतो, आणि गार्ड पुन्हा जसाच्या तसा. तीन गुण गेले.

पार झाल्याक्षणी आधी कंबर सांभाळायची. खालच्याची जवळची कंबर हाताने किंवा गुडघ्याने अडवायची; कंबर हलली नाही तर गुडघा आत येतच नाही. दुसरा हात मानेखालून, खांदा त्याच्या हनुवटीखाली, असा की चेहरा पलीकडे वळेल. ज्या बाजूला तोंड करता येत नाही, त्या बाजूला अंगही वळत नाही. छाती छातीवर आडवी, पायांची बोटं मॅटमध्ये रोवलेली, गुडघे किंचित उचललेले, म्हणजे सगळं वजन त्याच्या बरगड्यांवर उतरतं. श्वास सोडायचा. श्वास रोखून आवळणारा माणूस पहिल्याच मिनिटात हात भरून बसतो.

माउंटमध्ये नेमकं उलटं बिघडतं. पाय पलीकडे टाकताना घोटा खालच्याच्या दोन मांड्यांत अडकतो आणि हाफ गार्डवर, म्हणजे एक पाय अडकलेल्या अर्ध्या गार्डवर, गाडी थांबते. तेव्हा पाय उंच फेकण्यापेक्षा गुडघा पोटावरून घसरवत न्यावा आणि टाच आपल्याच ढुंगणाजवळ ठेवावी. पोटावरच्या गुडघ्याचं एवढंच, की दुसरा गुडघा जमिनीला लागू द्यायचा नाही.

बुधवार, पहाटे

तालमीतून आलेल्या मुलांबद्दल लिहायचं राहिलं होतं. त्यांचा पट इथे सोन्यासारखा आहे. उभ्याने त्यांना हलवणं बाकीच्यांना जड जातं. अडचण खाली सुरू होते. कुस्तीत पाठ लागली, चितपट, खेळ संपला. ज्युदोत पाठीवर २० सेकंद दाबून ठेवलं की इप्पॉन, म्हणजे तिथेच पूर्ण विजय. इथे मात्र पाठ टेकली म्हणून काहीच संपत नाही. पाठीवर पडून पायांनी लढणं हा या खेळाचा गाभा आहे. कोदोकान या जपानमधल्या ज्युदोच्या मूळ शाळेतले ज्युदोका मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे तिथल्या बेलें शहरात त्यांच्याकडून या खेळाचे एक जनक कार्लोस ग्रेसी शिकले. त्या परंपरेत जमिनीवरच्या झुंजीला जो मान मिळाला, तो तसा क्वचितच कुठे मिळाला.

तालमीत वर्षानुवर्षं अंगी मुरलेली सवय सांगते, पाठ वाचव, पालथा हो. मुलगा पालथा होतो, आणि वरचा दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो. तीन सेकंद, चार गुण, आणि मग गळ्याभोवती हात. तो फास नीट बसला तर श्वासनलिकेवर नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर बसतो. काही सेकंदांत शुद्ध जाते. त्यामुळे टॅप, म्हणजे हाताने थोपटून हार मानणं, वेळेत करायचा, यात कमीपणा नाही.

या मुलांना "पालथा होऊ नकोस" एवढं ओरडून सांगणं पुरेसं नाही, हे मनापासून वाटतं. शरीराला दुसरी वाट द्यावी लागते. ती कुशीची. ना चीत, ना पालथा. कोपर बरगडीला चिकटलेलं, वरचा हात त्याच्या मानेला आडवा, खालचा गुडघा आत. पाठ गेलीच, तर आधी दोन्ही हातांनी त्याचा गळ्याकडे येणारा एक हात धरायचा, पायांचं नंतर. त्याने मागून पायांची कात्री घातली असेल, तर त्याला कब्जाचे गुण नाहीत, शिवाय त्याचा घोटाच धोक्यात असतो.

गुरुवार, रात्र

रविवारच्या स्पर्धेसाठी. वजन गी, म्हणजे झुंजीचा जाड अंगरखा आणि विजार, घालूनच होतं, पहिल्या झुंजीच्या तोंडावर, आणि संधी एकच. ७६ किलोच्या गटात उतरायचं तर गी दीड-दोन किलोची धरून अंगाचं वजन ७४ च्या आत हवं. गी गरम पाण्यात धुवू नये. बाही आटते, आणि हात समोर ताठ केल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर गेली तर गी नापास होते. नखं शनिवारीच कापायची.

पांढऱ्या पट्ट्याची, म्हणजे नवशिक्यांची, झुंज पाच मिनिटांची, त्यावरच्या निळ्याची सहा. वेळ कमी असतो, म्हणून पहिले दोन गुण फार मोठे.

उद्याचा सराव याप्रमाणे: वरचा गार्ड पार करून झालेल्या स्थितीतून सुरू करेल, खालचा पूर्ण जोर लावून सुटेल. तिसऱ्याने मोठ्याने चारपर्यंत मोजायचं. तीनपर्यंत नाही, कारण पंच मोजायला लागतो तो जागा पक्की झाल्यावर, आपल्या मनात झाल्यावर नाही. प्रत्येक बाजूने पाच वेळा, मग अदलाबदल. चार भरेपर्यंत माउंटकडे जायचं नाही, आणि भरल्यावर क्षणभरही तिथे रेंगाळायचं नाही.