चावी फिरवली, नुसतं 'टक्क'

पोकलेन सुरू होत नाही म्हटलं की ऑपरेटरचं वाक्य ठरलेलं: "भाऊ, सेल्फ गेलाय." सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर. तो उतरवायचा म्हणजे अर्धा दिवस आणि कोपरापर्यंत ग्रीस. म्हणून मी आधी मीटर काढतो.

परवा खडी क्रशरवर तेच. चावी मारली की सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा चुंबकी स्विच) टक्क करायचा, इंजिन ढिम्म. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, मिळून 25.2 व्होल्ट. चार्ज ठीक, पण लोडशिवायच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. हेल्परला म्हटलं, चावी धरून ठेव. बॅटरीवर 24, आणि सेल्फचा मोठा नट ते बॉडी जेमतेम 15. मधले 9 गेले कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला की मला संशय येतो. इथे तर 8!

म्हणून बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली. मशीन रंगवणाऱ्याने लगच्या (पट्टीच्या टोकाच्या बोल्टाच्या कडीच्या) खालीही पिवळा रंग फासलेला, पट्टी हिरवी पडलेली. पॉलिश पेपर मारला, नवा बोल्ट कसला. पहिल्या चावीला इंजिन चालू.

टक्कसुद्धा येत नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर 24 येतात का बघायचं. नाही आले तर मागे जायचं: रिले, फ्यूज, आणि केबिनमधला सेफ्टी लिव्हर. तो लॉक नसेल तर बऱ्याच मशीनमध्ये सेल्फला करंटच जात नाही. एवढ्यासाठी लांबून बोलावणारेही भेटतात. व्हिजिट चार्ज मी तरीही घेतो.